सहाव्या ओळीतलं लिंबूफूल

द्रियानोवो, १४ ऑक्टोबर २०२४

पोरी रालित्सा,

हे पत्र त्सोन्योच्या हाती देतोय. त्याच्या बसचं इंजिन सोफियापर्यंत खोकत जातं, पण तो स्वतः तोंड उघडत नाही. म्हणून टपालापेक्षा आणि तुमच्या त्या मेलपेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा. सोबत गिंका काकूने मिरचीच्या चटणीच्या, आपल्या ल्युतेनित्साच्या चार बरण्या दिल्यात. रिकाम्या बरण्या परत पाठव, नाहीतर ती मला घरात घ्यायची नाही.

आता काम. काल घाऊक दुकानाचा माणूस आला. टाय बांधून. म्हणाला, “न्यागोलभाऊ, एक जानेवारीपासून तुमच्या लाल बाटलीवर सोळा अक्षरांचा तो आकडा नसला तर मी ती फळीवर ठेवू शकत नाही.”

“कसला आकडा?”

“विषबाधा केंद्राचा. बाटलीत काय काय घालता ते सगळं युरोपला कळवायचं आणि आकडा छापायचा. तुमचा जुना कागद ३१ डिसेंबरला मरतो.”

मी म्हटलं, “तुझी बायको वांगी कशी भाजते ते तू ब्रसेल्सला कळवलंस का?”

तो हसला नाही. टाय बांधलेली माणसं हसत नाहीत, गळ्याला फास बसतो.

ओतकामाचा सरकारी कारखाना बंद पडला तेव्हा मी तिथे गोदाम सांभाळत होतो. हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि उघडायला दार नव्हतं. त्यातून ‘दोब्रिन्का’ उभी केली. गंज काढणारं असं पाणी बल्गेरियात दुसरं नाही. आज त्या बाटलीवर अकरा घरं जेवतात. आणि कृती? ती माझ्या डोक्यात आणि एका वहीत. ती मी परक्याच्या पडद्यावर मांडू?

सेव्हलिएव्होचा व्हेलचो, तोही गंजाचं पाणीच विकतो, इतका घाबरला की त्याने दोन वर्षांमागेच स्वतःच्या बाटलीवर कवटी छापली. बायका कवटी बघून पळाल्या. आता फक्त गाड्या धुणाऱ्यांना विकतो. बावळट! माणसाने बाटली विकावी की स्मशान?

तू हेच फॉर्म भरण्याचं काम करतेस म्हणे. माझ्या भावाने तुला पाच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं ते फॉर्म भरायला. असो. भर माझाही.

तुझा काका,
न्यागोल


सोफिया, १८ ऑक्टोबर २०२४

काका,

ब्रसेल्स नाही, हेलसिंकी; युरोपची रसायनांची कचेरी तिथे आहे. शिव्या द्यायच्याच तर निदान योग्य पत्त्यावर द्या.

बरण्या मिळाल्या. काकूने झाकणं अशी आवळलीत की आमच्या घरात कोणालाच उघडेनात. शेवटी आमचा जिना झाडणाऱ्या झ्लात्का मावशींना हाक मारली. त्यांनी चारही झाकणं बसल्या बसल्या फिरवली, एक चमचा चाखला आणि म्हणाल्या, “मीठ कमी आहे. पण बाई मनगटाची दिसते.” काकूला सांगा.

आता ऐका. तुमची कृती चोरायला कोणी टपलेलं नाही. कोणी ते पाणी प्यायलं, कोणाच्या डोळ्यात उडालं, तर घरचे विषबाधा केंद्राला फोन लावतात आणि बाटलीवरचा आकडा सांगतात. डॉक्टर तो टाकतो आणि आत काय आहे ते बघतो. एवढ्यासाठी हा खटाटोप. ती माहिती दुसऱ्या कशाला वापरायची नाही असा कायदाच आहे. तुम्ही कायदा म्हटलं की थुंकता, हे मला माहीत आहे.

मला हवंय: प्रत्येक घटक, त्याचं प्रमाण, बाटलीचं माप, झाकणाची जात, वास आणि रंग.

तुमची,
रालित्सा


द्रियानोवो, २७ ऑक्टोबर २०२४

पोरी,

रंग! रंग कशाला हवा त्यांना? मुलगी बघायला आलेत का? लिही, गोरीपान आहे, नाकी डोळी नीटस आहे, वास थोडा उग्र आहे पण स्वभावाने गुणी.

आणि कोण फोन करणार आहे तुझ्या केंद्राला? ज्याच्या डोळ्यात आग होते तो आधी आईला हाक मारतो, मग देवाला, मग शेजारणीला. चष्मा शोधून मुंगीएवढी सोळा अक्षरं वाचत बसणारा माणूस मला दाखव, मी त्याला जेवायला घालतो.

वहीतलं पान उतरवून पाठवतोय. सात ओळी आहेत. जपून ठेव.

तुझ्या पणजोबांची गोष्ट तुझ्या बापाने सांगितली असेलच, तरी पुन्हा सांगतो, म्हणजे मी कोणाच्या रक्ताचा आहे ते कळेल. ते कातडी कमावायचे. त्या काळी आमच्या खोऱ्यातला एकही कारागीर खरी कृती लिहायचा नाही. लिहायचा, पण एक ओळ खोटी घालून. खरी ओळ धन्याच्या डोक्यात. मरताना थोरल्याच्या कानात सांगायची. एकदा त्यांच्या हाताखालच्या एकाने वही चोरली, त्रियावनाला स्वतःची भट्टी लावली आणि वहीबरहुकूम पाचशे कातडी भिजवली. आठ दिवसांत असा वास सुटला की गावाने दारं लावून घेतली. पणजोबा मुद्दाम तिथे गेले, नाकाला रुमाल लावला आणि एवढंच म्हणाले, “वाचता येतं वाटतं तुला.”

असे आम्ही. आणि आता म्हणे फॉर्म भरा.

काका


सोफिया, ५ नोव्हेंबर २०२४

काका,

गोष्ट आवडली. आवडली म्हणूनच झोप उडाली.

तुमच्या पानावर सात ओळी आहेत. पाणी, फॉस्फरिक आम्ल, साबण, स्पिरिट, सुवास, लिंबूफूल म्हणजे सायट्रिक आम्ल, घट्ट करणारी पूड. मी रसायन शिकलेय. फॉस्फरिक आणि लिंबूफूल मिळून गंज जातो, पण दोब्रिन्का काढते तसा नाही. दोब्रिन्काने तीस वर्षांचा डाग एका हातात जातो, हे मी स्वतः तुमच्या अंगणात पाहिलंय.

म्हणून कागदावर विचारते, कागदावर उत्तर द्या. यातली एखादी ओळ खोटी आहे का? हो किंवा नाही. एक शब्द. गोष्ट नको.

रालित्सा


द्रियानोवो, ९ नोव्हेंबर २०२४

पोरी,

आपल्या काकाला खोटारडा म्हणायला तुला सोळा अक्षरं लागली नाहीत, बरं झालं.

वही माझी आहे, अक्षर माझं आहे, पान मी स्वतः उतरवलंय. पणजोबांचे दिवस गेले, भट्ट्याही गेल्या. दोब्रिन्का जोरात चालते कारण मी ती प्रेमाने ढवळतो. तुझ्या फॉर्ममध्ये प्रेमाला रकाना नसेल, तर तो काही माझा दोष नाही.

३१ डिसेंबर जवळ आला. घाऊकवाला रोज फोन करतोय. कामावरचा मिन्चो रोज विचारतो, “मालक, जानेवारीत यायचं ना आम्ही?” मी त्याला म्हणतो, माझी पुतणी सोफियात बसली आहे, काळजी कशाला.

तर तू बस. आणि भर.

काका


सोफिया, २० डिसेंबर २०२४

काका,

भरला. हेलसिंकीने घेतला, कुरकुर न करता. आकडा वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. छापणाऱ्याला तोच कागद द्या, तोंडी सांगू नका. एक अक्षर चुकलं तर सगळं फुकट.

खाली जबाबदार म्हणून माझं नाव टाकलंय. पाहुण्यांच्या ताटात काय वाढलंय ते यजमानाला माहीत असावं लागतं, म्हणून सांगून ठेवते.

नाताळाला या. झ्लात्का मावशी विचारत होत्या, त्या मनगटाच्या बाईचा नवरा कसा दिसतो.

रालित्सा


द्रियानोवो, ७ जानेवारी २०२५

पोरी, वाघीण आहेस!

माल फळीवर आहे. घाऊकवाल्याने आकडा बघितला, मान डोलावली, टाय सैल केला. गेल्या आठवड्यात तर व्हेलचोने मला बाजारात अडवून विचारलं, “फॉर्ममध्ये काय लिहिलंस रे?” मी म्हटलं, “तुझ्या सासूचा पत्ता.” आख्खी रांग हसली.

छापखान्याला नवं लेबल करायचंच होतं, तेव्हा म्हटलं जरा नटवू. आकड्याच्या वर पिवळंधमक लिंबू काढून घेतलंय, पानासकट. फॉर्मात लिंबूफूल आहे ना? मग जगाला दिसू दे. व्हेलचोची कवटी एकीकडे, माझं लिंबू एकीकडे. गिऱ्हाईक कुठे जाईल सांग.

त्सोन्योबरोबर चार बाटल्या पाठवतोय. तुमच्या जिन्याच्या कठड्याला गंज आहे असं गिंका म्हणत होती. त्या झ्लात्काबाईंना दे. म्हणावं, मीठ कमी वाटलं ना, आता हे घ्या.

काका


सोफिया, २९ जानेवारी २०२५

काका,

शनिवारी फोनवर तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे. बाकीचं आता वाचा.

सकाळी झ्लात्का मावशींनी तुमच्या बाटलीने तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत कठडा घासला. मी रबरी हातमोजे दिले होते. त्यांनी खिशात कोंबले. म्हणाल्या, “चाळीस वर्षांत या हातांना सोड्याने खाल्लं नाही, लिंबू काय खाणार?” बाटलीवर लिंबू होतं ना. पानासकट.

दुपारी दोनला बोटं ठणकायला लागली. वर काही दिसत नव्हतं, जराशी लाली. तेव्हा त्यांनी आईला हाक मारली नाही, देवालाही नाही. चष्मा लावला, केंद्राला फोन केला आणि सोळाच्या सोळा अक्षरं चार-चार करून वाचून दाखवली. पलीकडचा डॉक्टर म्हणाला, “बाई, आकडा वाचून दाखवणाऱ्या या महिन्यात तुम्ही पहिल्याच.” त्याने फॉर्म उघडला. माझा फॉर्म. म्हणाला, “भरपूर पाण्याने धुवा, मलम लावा, फोड आले तर या.” त्याचं काही चुकलं नाही. आपण त्याला जे सांगितलं तेच त्याने त्यांना सांगितलं.

संध्याकाळी सातला त्यांनी माझं दार वाजवलं. “पोरी, हात दिसायला बरा आहे,” म्हणाल्या, “पण आतून कोणीतरी हाड चावतंय.” आणि रडल्या. झ्लात्का मावशी.

मी तुम्हाला फोन केला, बाटलीत खरं काय आहे ते विचारलं. तुम्ही म्हणालात, “लिंबू. लिंबूच आहे. लोक बसलेत इथे.” आणि ठेवलात.

रुग्णालयात मी सांगितलं, मला शंका आहे, आत फ्लोराइड असू शकतं. त्यांनी विचारलं, “फॉर्म कोणी भरला?” म्हटलं, मी. “मग शंका कशी?” ते पुन्हा मावशींचा हात धूत बसले.

तुमचा फोन आला तो सव्वाआठला. मग फ्लोराइडवरचा उतारा, कॅल्शियमची सुई, बोटाबोटात. दुखणं त्या रात्रीत उतरलं. पण उजव्या तर्जनीचं टोक काळं पडलं होतं. काल ते पेरापर्यंत काढलं.

पासष्ट मिनिटं, काका. नामदिवसाच्या पंगतीतून उठून अंगणात जायला.

रालित्सा


द्रियानोवो, १ फेब्रुवारी २०२५

रालित्सा,

तुझं पत्र गिंकाने आधी वाचलं. तिने मला ते दिलं आणि शेजारणीकडे झोपायला गेली. अजून परत आलेली नाही.

मी आधी एक पत्र लिहिलं होतं. त्यात होतं की बाटलीवर हातमोजे घाला असं छापलेलं आहे, की ती बाई हट्टी आहे, की इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही. तीन पानं झाली. मग वाचून पाहिलं. पणजोबांच्या भाषेत सांगायचं तर सात ओळी होत्या आणि सातही खोट्या. चुलीत घातलं.

आता खरं. गावातल्या ग्रिगोरच्या नामदिवसाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, जेवायला बसलो होतो. माझ्या समोर व्हेलचो. आमच्या दोघांमध्ये डुकराच्या पायाची थिजलेली थाळी. तुझा फोन आला तेव्हा त्याने खाणं थांबवलं. तू म्हणालीस ‘हाड’. ते ऐकताच मला कळलं. कारखान्यात असताना एकाचा हात मी पाहिलाय. मला तिथल्या तिथे कळलं, पोरी. आणि मी म्हटलं लिंबू.

त्यानंतरच्या पासष्ट मिनिटांत मी काय केलं? दोनदा ताट वाढून घेतलं. ग्रिगोरच्या जावयाला ट्रॅक्टरचं टायर कसं निवडावं ते सांगितलं. एक विनोद केला, सगळे हसले. व्हेलचो उठेल आणि जाईल, मग फोन करू, असं मनात चाललं होतं. तो हलेना. शेवटी मीच उठलो आणि लाकडाच्या खोपीमागे जाऊन तुला सांगितलं, तेही कुजबुजत. तिथे ऐकायला एक कोंबडी होती.

सहावी ओळ. तिथे लिंबूफूल नाही, फ्लोराइडचं मीठ आहे. पहिल्यांदाच लिहितोय.

ती ओळ आता बदलली तर काय होईल? आणि त्या बाईंसाठी त्सोन्योकडे पाच किलो लिंडनच्या फुलांचा मध दिलाय.

न्यागोल


सोफिया, ६ फेब्रुवारी २०२५

काका,

ओळ बदलली तर असं होईल. नवा आकडा. लेबलवरून लिंबू जाईल, कवटी येईल. घरगुती मालाच्या फळीवर दोब्रिन्का बसणार नाही. दुकानात जेवढी आहे ती परत बोलवावी लागेल. माझ्या नावाने खुलासा मागतील, तो मी देईन.

आणि आता माझी ओळ.

तुम्ही एकटेच नाही. बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, “न्यागोलच्या वहीत एक ओळ कायम खोटी असते. कोणती ते त्यालाच विचार.” म्हणजे तुमचं पान आलं तेव्हा मला शंका नव्हती, मला माहीत होतं. फक्त कोणती ओळ ते माहीत नव्हतं. तरी मी तुम्हाला लांबून, सभ्यपणे, एका शब्दात विचारलं. द्रियानोवो तीन तासांवर आहे. मी येऊन तुमच्या गळ्याशी बसू शकले असते. मी आले नाही. कारण मला उत्तर नको होतं, कागद हवा होता. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला. तुमचं ते प्रेमाने ढवळण्याचं पत्र मी फाइलला लावलं, भोक पाडून, तारीख टाकून.

“मग शंका कशी?” याचं उत्तर हे होतं. रुग्णालयात मी ते गिळलं.

पणजोबांना निदान वही चोरणाऱ्याला फसवायचं होतं. आपण दोघांनी मिळून फोन उचलणाऱ्याला फसवलं.

मध परत पाठवतेय. झ्लात्का मावशी म्हणाल्या, “मध मला माझा भाऊही देतो. म्हाताऱ्याला म्हणावं, तोंड दाखव.”

रालित्सा


द्रियानोवो, १२ फेब्रुवारी २०२५

रालित्सा,

सोबत सहावी ओळ, सही करून. पाठव हेलसिंकीला. आजच.

सही करण्याआधी मी सेव्हलिएव्होला गेलो होतो. म्हटलं, जगाला कळणारच आहे तर व्हेलचोला निदान माझ्या तोंडून कळू दे. शत्रूलाही मान असतो. तो दुकानामागे सुजुक, वाळवलेलं सॉसेज, कापत बसला होता. मी टोपी काढली. म्हटलं, “व्हेलचो, माझ्या बाटलीत लिंबूफूल नाही.”

मान वर न करता म्हणाला, “माहीत आहे. फ्लोराइडचं मीठ आहे.”

मी विचारलं, “कोणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? रुसेहून येणारा मिठाचा ट्रक आधी तुझ्याकडे दोन पिंपं उतरवतो, मग माझ्याकडे तीन. त्र्याण्णव सालापासून. एकदा तर तुझी पावती माझ्याकडे राहिली होती, मीच त्सोन्योबरोबर पाठवली. आठवत नाही?”

“त्सोन्योला पण माहीत आहे?”

“न्यागोल, तुझ्या बायकोला माहीत आहे. मिन्चोला माहीत आहे. ग्रिगोरची सून बेसिनचा डाग काढताना विचारते, मिठाचं पाणी कुठलं चांगलं, न्यागोलचं का तुझं?” मग सुजुकाचा तुकडा सुरीच्या टोकावर धरून माझ्यापुढे केला. “त्या दिवशी पंगतीत तू लिंबू लिंबू ओरडलास तेव्हा मला वाटलं, याला झटका आला. म्हणून उठलो नाही. म्हटलं पडला तर उचलायला कोणीतरी हवं.”

मी विचारलं, “मग तू का नाही लिंबू छापलंस? कवटी कशाला?”

“कारण बाटलीत काय आहे ते मला माहीत होतं,” म्हणाला. “तू विसरला होतास.”

इतकी वर्षं ज्यांच्यापासून मी लपवत आलो त्या सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं एकट्या डॉक्टरला.

यापुढे गाड्या धुणाऱ्यांना विकू, कवटी लावून. अर्धा माल जाईल. माणसं अकराच राहतील, आठवड्यात तीन दिवस येतील. मिन्चोला सांगितलं. तो म्हणाला, “तीन तर तीन, मालक. पण आम्हाला ते मलम द्या, कॅल्शियमचं. इतकी वर्षं आम्ही काय मागायचं तेच माहीत नव्हतं.” आणून ठेवलंय, प्रत्येक टेबलावर.

गिंका परत आली आहे. बोलत नाही, पण ताट वाढते.

तोंड दाखवायला येतोय.

न्यागोल


द्रियानोवो, ३ मार्च २०२५

रालित्सा,

तू वर्नाला गेली होतीस तेव्हा मी मुद्दामच आलो, हे कळलंच असेल. तुझ्यासमोर मला ते जमलं नसतं.

झ्लात्काबाईंनी दार उघडलं. हाताला पट्टी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तूच का तो लिंबूवाला?”

“हो.”

“बूट काढ. जिना आत्ताच पुसलाय. डाव्या हाताने.”

मी बूट काढले. मोज्याला भोक होतं, ते त्यांनी बघितलं, मी बघितलं. मी सुरुवात केली, “बाई, माफी मागायला…”

“माफी ठेव त्या खुंटीवर, टोपीबरोबर. जाताना घेऊन जा. मला काम आहे तुझ्याशी.”

मग त्यांनी सांगितलं. तू दिलेल्या चार बाटल्यांतली एक त्यांनी वापरली. उरलेल्या तीन जिन्यातल्या घरांत वाटल्या. चांगली वस्तू म्हणून. लोकांनी अर्धी-अर्धी करून पाण्याच्या बाटल्यांत ओतून घेतली. नंतर तू दारोदार मागायला गेलीस, खाली कागदही लावलास. सगळे म्हणाले, संपली.

“संपली कसली!” बाई म्हणाल्या. “फुकटची वस्तू, एका हातात डाग काढते, कोण परत देईल? आणि तुझी पुतणी लिहिते काय, तर ‘घटकांच्या माहितीत तफावत आढळल्याने’. तफावत! अरे, तफावतीला कोण घाबरतं? तफावत माझ्या पगारात दर महिन्याला असते. तू चल. तू सांग.”

“मी काय सांगू?”

“बाटलीत काय आहे ते. मी शेजारी उभी राहते, बोट दाखवायला.”

पहिल्या मजल्यावर मी हळू आवाजात सांगितलं. दारातली बाई म्हणाली, “काय?” झ्लात्काबाईंनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. “मोठ्याने. मी काय कुजबुजत रडले का?”

मग मोठ्याने. “मी न्यागोल सारानदेव. लाल बाटली माझी. तिच्यात लिंबू नाही. फ्लोराइडचं मीठ आहे. मी ते लपवलं.” आणि बाई पट्टी सोडून बोट पुढे करत होत्या. तिसऱ्या मजल्यावर एकीने आत जाऊन गुपचूप बाटली आणून दिली. पाचव्यावर नवराबायको भांडली, तू घेतलीस का, मी कशाला घेऊ, आणि शेवटी न्हाणीघरातून दोन निघाल्या. सहाव्यावरच्याने विचारलं, “मग इतके दिवस काय झोपला होतास?” मी म्हटलं, “नाही, जागा होतो.”

सातव्यावर एक निवृत्त कर्नल आहेत. त्यांनी सरळ सांगितलं, माझ्याकडे नाही. बाई त्यांना बाजूला सारून आत शिरल्या, गॅलरीत गेल्या. तिथे एकसारख्या झाकणाच्या सहा पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. पाचांत त्यांच्या गावची राकिया, फळांची दारू. सगळ्यांचा रंग एकच, पांढरा. लेबल एकाही बाटलीला नाही.

“यातली कुठली?” बाईंनी विचारलं.

कर्नल बघत राहिले. एकीला हात लावला, मग दुसरीला. मग खुर्चीवर बसले. म्हणाले, “रविवारी मुलगा आणि सून येणार आहेत जेवायला.”

एकेक झाकण उघडून मीच हुंगून ओळखली. मला त्याचा वास माहीत आहे. इतर कोणाला तो माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आठ मजले झाले तेव्हा माझा आवाज पार बसला होता. बाईंनी खाली आल्यावर कॉफी करायला लावली, मलाच, आणि म्हणाल्या, “मीठ घालू नकोस.” टोपी घ्यायला गेलो तर म्हणाल्या, “ते दुसरं राहू दे तिथेच. बघते.”

सगळ्या मजल्यांवरून जमलेल्या लाल पाण्याच्या सहा अर्ध्या बाटल्या पोत्यात भरून मी त्सोन्योच्या बसने परत आलो. सीटखाली ठेवू दिल्या नाहीत त्याने. मांडीवर घेऊन बस म्हणाला.

उद्यापासून दुकानं. गाब्रोवो, त्रियावना, सेव्हलिएव्हो मिळून चौदा. घाऊकवाला म्हणतो, माल परत मागवण्याचं कारण लिहून पाठवा, तुम्हाला यायची गरज नाही. लिहून पाठवतोय, तुझ्याकडून तपासून घेऊन. पण जाणार आहे. प्रत्येक दुकानात कोणी ना कोणी ती आधीच घरी नेलेली असणार, आणि ते विचारायला कागद पुरत नाही. व्हेलचो त्याची गाडी घेऊन येतोय. म्हणाला, “तुझा आवाज गेला की पुढचं मी ओरडतो.”

न्यागोल